पन्नास ग्रॅम

आधी तिनं दोरीवरचा टॉवेल खाल्ला.
मग सुतळी, मग ईश्वरीच्या चपलेचा अंगठा,
मग उकिरड्यातून ओढून आणलेलं हाड.
रात्रभर गोठ्यातून आवाज येत होता,
अंधारात कुणी अडकित्ता चालवावा तसा.

सासूबाई म्हणाल्या, गाय हाड चघळते
म्हणजे हिला काहीतरी बाहेरचं लागलंय.
गुरुवारी तिच्यावरून लिंबू उतरवलं.
भुरीनं तेही खाल्लं.

दापूरच्या आमच्या गोठ्यात
काही कमी नव्हतं, असं वाटायचं.
टेम्पोनं उतरणारं उसाचं वाढं,
मक्याची कुट्टी, सणासुदीला सरकी.
पोट टम्म.
पण पाठीवरून हात फिरवावा
तर वाळलेल्या गोणपाटासारखं खरखरीत,
आणि मागचे पाय अशी टाकायची
जशी खालची जमीन तापलीय.
दूध अकरावरून सहावर आलं.
डेअरीवरचा सुदाम कातकाडे
फॅटच्या मशीनकडे बघत म्हणाला,
वहिनी, पाणी कमी घाला की जरा.
दोन माणसं हसली मागं.
मी कॅन उचलून आले.

डॉक्टर आल्या सिन्नरहून, स्कूटीवर.
थेटे मॅडम.
पापणी उलटून पाहिली, बरगडीवर बोट दाबलं.
मी ते हाड दाखवलं, तर हसल्या नाहीत.
म्हणाल्या, फॉस्फरस कमी पडलाय.
वाढ्यानं पोट भरतं. हे त्यात नसल्यातच जमा.
आणि दूध तर तुम्ही दोन्ही वेळा काढता.
दुधात जातं ते ती आणणार कुठून?
स्वतःच्या हाडातून.
मग गेलेलं शोधत फिरते,
दोरीवर, उकिरड्यावर, दिसेल तिथं.

खनिज मिश्रण, रोज पन्नास ग्रॅम.
सोबत गव्हाचा कोंडा.
लिहिता लिहिता विचारलं,
हे खाणं कधीपासून?
व्यायल्यानंतर, मी म्हटलं,
आणि जीभ टाळ्याला चिकटली.

मला माहीत होतं ते खाणं.

ईश्वरी पोटात होती, सहावा महिना.
पाटीवरच्या पेन्सिलींचा एक डबा
माझ्या तंबाखूच्या सुपाखाली असायचा.
पंचवीस बिड्या वळून झाल्या की एक पेन्सिल.
कट्. मग ती गार, करडी धूळ जिभेवर.
डबा संपला की चुलीच्या मातीची खपली,
खपली मिळाली नाही तर
कोऱ्या माठाचा फुटका काठ.
रात्री सगळे निजल्यावर
भिंतीकडे तोंड करून.

सासूबाईंनी पाहिलं होतं एकदा.
म्हणाल्या, डोहाळे असतात एकेकीचे.
माझ्यावरून लिंबूसुद्धा उतरवलं नाही.

हे मॅडमना सांगावंसं वाटलं.
त्या हात धूत होत्या, बादलीत,
कोपरापर्यंत साबण.
सांगितलं नाही.
त्या गुरांच्या डॉक्टर.

एक किलोची पिशवी म्हणजे वीस दिवस.
ईश्वरी गोठ्याच्या भिंतीवर रोज एक रेघ मारते,
पाटीच्या पेन्सिलीनंच.
सातव्या रेघेला पूड उंडीत लपवावी लागायची.
बाराव्या रेघेला भुरी आपणहून घमेल्याशी आली.
काल, पंधराव्या, उकिरड्याजवळून जाताना
ते हाड तिनं हुंगलं,
फुस्स करून श्वास सोडला,
आणि पुढं चालू लागली.
दूध साडेसात.
सुदाम काही बोलला नाही. आकडा लिहिला.

आज चमच्यानं मोजून झाल्यावर
अंगठ्याला थोडी पूड चिकटली होती.
भुरी कोंडा खात होती, मान खाली.
सासूबाई पलीकडे पानं भिजवत होत्या.
मी अंगठा पदराला पुसणार होते.

खारट. थोडी पितळेसारखी.
पेन्सिलीसारखी नाही.